सातवी-आठवीला पेशी शिकवायच्या, तर बारा तासिका कशा वापराव्यात?

नागपुरातल्या एका मराठी शाळेत यंदा पहिल्यांदाच सातवी-आठवीचं विज्ञान हाती आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पेशींच्या पाठासाठी साधारण १२ तासिका मिळतात, वर्गात साठेक मुलं, आणि चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक दोनच. फळ्यावर आकृती काढून दिली की मुलं नावं पाठ करतात, पण पंधरा दिवसांनी विचारलं तर सगळं पुसलेलं. मग क्रम कोणता ठेवावा, प्रात्यक्षिकं किती घ्यावीत आणि थर्माकोलची प्रतिकृती करून घ्यावी का?

ताई, मुलं विसरतात याचं कारण पाठांतर कच्चं आहे असं मला वाटत नाही. ज्या गोष्टीची आकृती त्यांनी काढली ती गोष्ट त्यांच्यासमोर कधी आलेलीच नसते. पाठ संपल्यावर एक साधी चाचणी घेऊन बघा. कागदावर माणसाच्या शरीराची नुसती बाह्यरेषा काढून द्या आणि सांगा, ‘यात पेशी कुठे कुठे आहेत ते दाखवा.’ बरीच मुलं पोटात, छातीत, डोक्यात चार-पाच गोल काढतात. हाडं कोरी, कातडी कोरी, रक्ताचा पत्ता नाही. म्हणजे शरीरात पेशी ‘असतात’ इतकंच त्यांनी ऐकलेलं असतं. शरीर पेशींचंच बनलेलं आहे हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं, आणि अशा मुलाला लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका अशी पेशीच्या आतल्या भागांची नावं पाठ करायला लावणं म्हणजे पायाच नसताना वरचा मजला बांधणं. म्हणून बारा तासिकांचं नियोजन करताना मी नेहमी ही चाचणी पहिल्या तासाला घेते, कागद जपून ठेवते आणि शेवटच्या तासाला त्याच मुलांना परत देते. आपण काय शिकवलं ते त्या दोन कागदांतल्या फरकावरून कळतं.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला जुळवून घेता येईल. सातवीला पेशीरचना आणि सूक्ष्मजीव एकाच पाठात येतात, पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या कामकरी भागांचा, सविस्तर विचार आठवीला. म्हणून सातवीला ‘पाहणं, मोजणं आणि पेशीचं पटल (तिचं पातळ आवरण)’ एवढ्यावरच जोर द्यावा, अंगकांची नावं तोंडओळखीपुरती. आठवीला मात्र अंगकांना वेळ द्यायलाच हवा. पाठ्यपुस्तक बदललं तर पाठ मागेपुढे होतील, पण या क्रमामागचं कारण तेच राहील. दुसरी गोष्ट, जोडतासिका मिळते का? पस्तीस मिनिटांत साठ मुलांकडून काचपट्टी करून घेणं होत नाही. आठवड्यातून एकदा तरी दोन तासिका सलग मिळवण्यासाठी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. चित्रकलेच्या शिक्षकांशी अदलाबदल केली तर बहुतेक जमतं, आणि सूक्ष्मदर्शकाखालचं रेखाटन हे त्यांच्याही विषयातलं काम आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हवामानाची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पहिले दोन-तीन महिने आभाळ भरलेलं असतं. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर तेव्हा उजेडासाठी तारांबळ होते. मार्चमध्ये सकाळची शाळा लागते आणि काचपट्टीवरचा थेंब दुसऱ्या मुलाची पाळी येईपर्यंत वाळून जातो. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा आपल्याकडे पेशींसाठी सर्वांत चांगला काळ. ऊन सौम्य, कांदा रसरशीत, आणि बाजारात संत्रीही असतात. त्यांचा उपयोग पुढे सांगते. एक सूचना कडक शब्दांत द्या: आरसा थेट सूर्याकडे वळवायचा नाही, खिडकीतल्या मोकळ्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवायचा. भिंगातून थेट ऊन डोळ्यात गेलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

माझा क्रम असा असतो. आधी पाहणं, मग आकार मोजणं, मग पटलाचं काम, मग आतली अंगकं, मग वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या पेशी, आणि सर्वांत शेवटी पेशी सिद्धान्त. पुस्तकात बहुधा सिद्धान्त आणि शास्त्रज्ञांची नावं सुरुवातीला येतात. ती मी मागे का नेते ते थोडक्यात सांगते. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले ते मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या, आत काही नव्हतं. जिवंत सूक्ष्मजीव पुढे लेव्हेनहूकने पाहिले. केंद्रकाला रॉबर्ट ब्राऊनने १८३१ साली नाव दिलं. सगळ्या वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत हे श्लायडेनने १८३८ साली आणि प्राण्यांबद्दल तेच श्वानने १८३९ साली मांडलं. पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते हे फिर्खोने १८५५ साली ठामपणे सांगितलं. पहिली पेशी दिसली आणि ‘सगळे सजीव पेशींचे’ हे म्हणता आलं, यात पावणेदोनशे वर्षं गेली. कारण ते एका नजरेत दिसणारं सत्य नाही, शेकडो नमुने पाहून काढलेला निष्कर्ष आहे. मुलांनीही कांदा, गाल, पान, बटाटा, तळ्याचं पाणी असे पाच-सहा नमुने पाहिले की शेवटी त्यांना विचारायचं, ‘आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्यांत समान काय होतं?’ ते स्वतःच सिद्धान्त सांगतात. मग नावं आणि सनावळ्या वीस मिनिटांत होतात आणि लक्षातही राहतात.

पहिल्या दोन तासिका मी सूक्ष्मदर्शकाची ओळख करून देण्यात घालवते, आणि त्या वाया जात नाहीत. वर्तमानपत्रातलं एखादं बारीक अक्षर कापून काचपट्टीवर ठेवायचं. ‘भ’ किंवा ‘ग’ घ्या, कारण ते उलटं झालेलं चटकन कळतं. मुलांना ते अक्षर खालीवर आणि डावीउजवीकडे उलटं दिसतं, पट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं. हे हाताला सवयीचं झालं की पुढे ‘सर, काहीच नाही दिसून राहिलं’ हा गलका निम्म्याने कमी होतो. त्याच तासाला एक काचपट्टी मुद्दाम हवेचे बुडबुडे अडकवून करा आणि सगळ्यांना दाखवा. एकदम गोल, जाड काळी कड, आत काहीच नाही. हे आधी दाखवलं नाही तर निम्मी मुलं वहीत बुडबुड्याची सुबक आकृती काढून खाली ‘कांद्याची पेशी’ लिहितात.

मग कांदा. हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो आणि तरी बहुतेक वर्गांत बिघडतो, म्हणून जरा तपशिलात सांगते. कांदा चार भागांत कापायचा आणि आतली जाड, रसाळ पाकळी घ्यायची. पाकळी हाताने मोडली की तुटलेल्या कडेला आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो चिमट्याने अलगद ओढून लगेच बशीतल्या पाण्यात सोडायचा. हवेत राहिला की त्याची गुंडाळी होते आणि मग ती उलगडण्यात तास जातो. पाण्यातच कात्रीने करंगळीच्या नखाएवढा तुकडा कापायचा, ब्रशने उचलून काचपट्टीवरच्या थेंबात पसरायचा, घडी पडू द्यायची नाही. मेडिकलच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात फिकट तपकिरी होईपर्यंत पातळ करून त्याचा एक थेंब. दोन मिनिटं थांबायचं. मग कव्हरस्लिपची (वरून झाकायच्या पातळ काचेची) एक कड थेंबाला टेकवून, सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणायची आणि जास्तीचं पाणी टिपकागदाने टिपायचं. प्रत्येक पेशीत एका कडेला सरकलेला पिवळट-तपकिरी ठिपका दिसला की समजायचं काचपट्टी जमली. तो केंद्रक. तो मध्यभागी का नाही, हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. पेशीची बहुतेक जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते म्हणून केंद्रक आणि पेशीद्रव्य कडेला ढकललं जातं, हे तेव्हाच सांगा. आकृतीतली ‘मोठी रिक्तिका’ त्या क्षणी खरी होते.

त्याच आयोडीनचा थेंब बटाट्याच्या अगदी पातळ कापावर टाका. निळे-काळे दाणे दिसतात. बटाटा स्टार्च साठवतो, कांदा स्टार्च साठवत नाही, म्हणून तिथे ते दाणे नव्हते. आणि कांद्यात हरितलवकंही (उजेडात अन्न बनवणारे हिरवे दाणे) नव्हती, कारण कंद जमिनीत वाढतो, तिथे उजेड नाही. ‘वनस्पतीपेशीत हरितलवक असतं’ असं सरसकट घोकलेल्या मुलांना इथे पहिल्यांदा विचार करावा लागतो. हरितलवकं दाखवायला हायड्रिलाचं पान घ्या. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात ती वनस्पती दहा-वीस रुपयांत मिळते. तिचं अख्खं पान इतकं पातळ असतं की काप घ्यावाच लागत नाही. काचपट्टी थोडा वेळ उजेडात ठेवली तर नशिबाने हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने वाहताना दिसतात. ते एकदा दिसलं की वर्ग शांत होतो. पेशी जिवंत आहे हे सांगायला मग वेगळं वाक्य लागत नाही.

गालाच्या पेशी घ्यायच्या की नाही हे शाळेच्या धोरणावर आहे. घेतल्या तर प्रत्येकाने स्वतःचीच कापसाची काडी वापरायची, दुसऱ्याच्या काडीला हात लावायचा नाही, वापरून झालेल्या काड्या आणि काचपट्ट्या ब्लीचिंगच्या पाण्यात टाकायच्या. रंगासाठी मिथिलीन ब्लू. रक्ताच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे: वर्गात सुई टोचून थेंब काढायचा नाही. रक्ताची कायमस्वरूपी काचपट्टी शालेय साहित्याच्या दुकानात मिळते, तीच दाखवा.

साठ मुलं आणि दोन सूक्ष्मदर्शक हे कसं बसवायचं? एका सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) मोबाईलचा कॅमेरा टेकवून ते चित्र वर्गातल्या टीव्हीवर दाखवा, म्हणजे काय शोधायचं हे सगळ्यांना आधी कळतं. दुसऱ्यावर सहा-सहा जणांचे गट पाळीने. बाकीच्या गटांना त्याच वेळी दुसरी कामं हवीत: हातभिंगातून संत्र्याची फोड पाहणं, बटाट्याच्या कापट्या मिठाच्या पाण्यात ठेवणं, छापील फोटोवरून पेशी मोजणं. प्रत्येकाला डोळा लावायला एक मिनिट मिळालं तरी चालतं, पण अट एकच: डोळा लावलेल्याने फक्त तीन पेशी मोठ्या काढायच्या, दिसल्या तशाच, आणि शेजारी किती पटीने मोठं दिसतंय ते लिहायचं. पुस्तकातली आकृती उतरवलेली वही मी परत देते. शाळेने खर्च केला तर कागदी फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो आणि मुलं तो घरीही नेऊ शकतात.

संत्र्याबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं, कारण नागपूरच्या मुलांचा इथे हमखास घोटाळा होतो. फोडीचं साल काढलं की आतले रसाने भरलेले लांबट दाणे सुटे होतात, आणि मुलं खात्रीने सांगतात, ‘मॅडम, हीच पेशी आहे ना, डोळ्यांनी दिसून राहिली.’ ती एक पेशी नव्हे. असा प्रत्येक दाणा पुष्कळ पेशींचा बनलेला असतो. बाहेरून लहान पेशींचा थर, आत पातळ भिंतीच्या मोठ्या, रसाने भरलेल्या पेशी. दाणा काचपट्टीवर फोडून त्याचा पापुद्रा पाहिला की लहान पेशींची रांग स्पष्ट दिसते. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा दुसऱ्या सत्रात हा नमुना कधीही मिळतो. ‘डोळ्याला दिसतं तेवढ्यावर थांबायचं नाही’ हे मुलांना यातून जितकं चांगलं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळलेलं मी पाहिलेलं नाही.

यापुढची तासिका आकार मोजण्याची. ही बहुतेक नियोजनांत नसते आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. दहा पटीचं आयपीस आणि दहा पटीचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) असेल तर दिसणारं वर्तुळ साधारण दीड ते दोन मिलिमीटर रुंद भरतं. मग त्याच वर्तुळात कांद्याच्या किती पेशी लांबीने बसतात ते मोजायला सांगा. पाच-सहा बसल्या तर एक पेशी साधारण ०.३ मिलिमीटर. सातवीच्या मुलाने पेशीची लांबी स्वतः भागाकार करून काढली, की तिचा आकार त्याच्या डोक्यात पक्का बसतो.

मग सगळं हजार पटीने मोठं करून जमिनीवर खडूने काढायचं. कांद्याची पेशी ३० सेंटिमीटर, म्हणजे त्यांची पट्टी. गालाची पेशी सहा सेंटिमीटरच्या आसपास. केस सुमारे सात सेंटिमीटर जाड. तांबडी रक्तपेशी सात-आठ मिलिमीटर. जीवाणू एक-दोन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. विषाणू जेमतेम ०.१ मिलिमीटरचा ठिपका. आणि दीड मीटर उंचीचा मुलगा? दीड किलोमीटर उंच. हे ऐकून मुलं आपोआप शाळा ते घर अंतर मोजायला लागतात. मग विचारा, ‘आता यात अणू काढा.’ हजार पटीनेही अणू डोळ्याला दिसत नाही. पेशी आणि अणू यांचा गोंधळ सातवी-आठवीत फार असतो. ‘पाणी कशाच्या पेशींचं बनलंय?’ असं विचारणारी मुलं दर वर्षी भेटतात. या एका तासाने तो बराच निवळतो. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात हा आकडाही इथेच सांगा. आकार कळल्यावर संख्या पटते.

पटलाचं काम शिकवताना ‘निवडक्षम पारपटल’ (काही पदार्थ जाऊ देणारं, काही अडवणारं पटल) ही व्याख्या आधी लिहून देऊ नका. कैरीला किंवा काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे प्रत्येकाने घरी पाहिलेलं आहे. तिथून सुरुवात करा. बटाट्याच्या सारख्या कापट्या साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाकवून पाहायला द्या. एक कडक, एक लिबलिबीत. मग खरी गंमत सूक्ष्मदर्शकाखाली. लाल कांद्याच्या पाकळीचा या वेळी बाहेरचा, जांभळा पापुद्रा घ्या. आयोडीन नको. आधी पाण्यात पाहा: पूर्ण पेशी जांभळी भरलेली. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला दहा टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्या. दोन-चार मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत आकसतो आणि भिंत मात्र जागच्या जागी उभी राहते. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाने दाखवण्याची ही एकच सोपी संधी आहे, कारण एरवी पटल भिंतीला इतकं चिकटलेलं असतं की दिसतच नाही. पुन्हा साधं पाणी सोडलं आणि पेशी मेलेली नसेल तर ती परत भरते. हा रससंकोच. वाळण्याची अडचण आली म्हणून इतर काचपट्ट्यांवर पाण्यात ग्लिसरीन मिसळत असाल तर इथे ते टाळा, ग्लिसरीनही पाणी ओढतं.

आतापर्यंत सहा-सात तासिका झाल्या. दोन सूक्ष्मदर्शकाच्या, दोन नमुने पाहण्याच्या, एक मोजण्याची, दोन परासरणाच्या, म्हणजे पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याच्या. सातवीला इथून थेट सूक्ष्मजीवांकडे वळा. आठवीला पुढच्या तीन तासिका अंगकांना द्या.

अंगकांसाठी ‘पेशी म्हणजे कारखाना’ हा दृष्टान्त सगळेच वापरतात. मी तो पहिल्या पाच मिनिटांनंतर सोडून देते. कारण मुलांना ‘तंतुकणिका म्हणजे पॉवरहाऊस’ एवढंच आठवतं आणि ऊर्जा कशातून येते हे विचारलं की उत्तर नसतं. त्यापेक्षा वेगवेगळ्या पेशींची तुलना करा. हृदयाच्या स्नायूपेशीत तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात, आणि पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत एकही नसते. का? हृदय क्षणभर थांबत नाही, त्याला सतत ऊर्जा हवी. रक्तपेशीचं काम ऑक्सिजन वाहून नेणं, तोच तिने वाटेत वापरून टाकला तर कसं चालेल? स्वादुपिंडाची पेशी पाचक विकरं बनवून बाहेर पाठवते, म्हणून तिच्यात आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल भरपूर. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीत गिळलेलं पचवणाऱ्या लयकारिका भरपूर. असं शिकवलं की अंगकाचं नाव त्याच्या कामाला चिकटतं. आणि एक प्रश्न विचारायला विसरू नका: झाडाच्या पेशीत तंतुकणिका असतात का? निम्मा वर्ग ‘नाही, त्यांच्यात हरितलवक असतं’ म्हणेल. हरितलवक उजेडात साखर बनवतं, पण त्या साखरेतली ऊर्जा कामाला आणायला झाडालाही तंतुकणिका लागतात, रात्री तर लागतातच, आणि मुळांमध्ये दिवसाही.

मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा की यातलं बरंच आपल्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. वहीत दोन रकाने करा: ‘मी स्वतः पाहिलं’ आणि ‘इतरांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा खास रंग वापरून पाहिलं’. पेशीभित्तिका, केंद्रक, हरितलवकं पहिल्या रकान्यात. रायबोसोम, आंतर्द्रव्यजालिका दुसऱ्यात. गॉल्गीने १८९८ साली चांदीच्या क्षारांनी रंगवून ते संकुल पाहिलं, तेही त्या दुसऱ्या रकान्यात. विज्ञान म्हणजे काय हे यातून मुलांना न सांगता कळतं.

आता आपल्या भागाची एक गोष्ट, जी पुस्तकात चार ओळीत उरकते पण आपण सोडू नये. सिकलसेल. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, आणि आदिवासी व अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हा आजार बराच आढळतो. तुमच्या वर्गात एखाद्या मुलाच्या घरी तो असण्याची शक्यता खरी आहे. पेशीचा आकार आणि काम यांचा संबंध यापेक्षा जवळचा कुठे मिळणार? निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी दबलेली चकती असते, लवचीक असते, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही वाकून निघून जाते आणि साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी झाला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना जोडून लांब धागे तयार करतं, पेशी कोयत्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक वाहिन्यांत अडकते. त्यातून असह्य वेदना होतात, आणि अशा पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात म्हणून रक्त कमी पडतं. एका रेणूतला बदल, त्यामुळे पेशीचा आकार, त्यामुळे अवयवाचं दुखणं: हा धागा आठवीच्या मुलाला नीट समजतो.

हा तास घेताना काळजी घ्या. ‘कोणाच्या घरी आहे?’ असं कधीही विचारू नका. कोणत्या जातीत आढळतो हे मुलांसमोर बोलण्याची गरज नाही. तीन गोष्टी मात्र ठळक सांगा: हा संसर्गाने होत नाही, आजार होण्यासाठी आई-वडील दोघांकडून तो बदल यावा लागतो, आणि एकाकडूनच आला तर ती व्यक्ती वाहक असते व सहसा निरोगी आयुष्य जगते. रक्ताच्या साध्या चाचणीने कळतं आणि सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते. एखादं मूल तासानंतर एकटं येऊन उभं राहिलं तर वेळ द्या, ऐकून घ्या, आणि घरच्यांना दवाखान्याची वाट दाखवा.

सूक्ष्मजीवांसाठी फुटाळ्याचं किंवा जवळच्या कुठल्याही तळ्याचं पाणी चालतं, तळातल्या कुजलेल्या पानांसकट घ्या. त्यात पॅरामेशियम इतके वेगाने पळतात की मुलांना पाहता येत नाहीत. कापसाचे दोन-चार तंतू थेंबात टाकले की ते अडकतात. पाणी हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवायला लावा. यीस्ट कोमट साखरपाण्यात तासभर ठेवलं की फुटणाऱ्या कळ्या दिसतात. ताकातले जीवाणू ४०० पटीनेही जेमतेम बारीक काड्यांसारखे दिसतात, पण आकाराचा तास आधी झालेला असेल तर मुलं निराश होत नाहीत.

परीक्षेचं दडपण तुम्हाला आहे हे मला माहीत आहे. आकृतीला गुण असतात, ती सुबक आलीच पाहिजे. पण नावं दिलेली आकृती मी अकराव्या तासाला शिकवते, पहिल्या नाही. तोवर प्रत्येक नाव कशाचं हे मुलांना माहीत असतं, त्यामुळे एका तासात होते. चाचणीत निम्मे प्रश्न असे ठेवा ज्यांची उत्तरं पुस्तकात शोधून सापडत नाहीत. वर्गात मोबाईलवर काढलेला एखादा फोटो छापून द्या: हे कांद्याचं की गालाचं, कशावरून? मुळ्याच्या मुळातल्या पेशीत हरितलवक असेल का? हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात का? या शेवटच्या प्रश्नावर वाद होऊ द्या. उत्तर असं की पेशी साधारण सारख्याच आकाराच्या असतात, हत्तीत त्यांची संख्या प्रचंड असते. आठवीला वेळ असेल तर कारणही काढता येतं: एक सेंटिमीटरच्या घनाला सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आणि एक घन सेंटिमीटर आकारमान, तीन सेंटिमीटरच्या घनाला ५४ आणि २७. घन मोठा होतो तसा आतल्या प्रत्येक भागाच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग घटतो, आणि पेशीचं सगळं देणंघेणं तर पृष्ठभागातूनच चालतं.

राहिला थर्माकोलचा प्रश्न. मी करून घेत नाही. बहुतेक प्रतिकृती पालक रात्री जागून करतात किंवा विकत आणतात, आणि सगळ्यांत केंद्रक लाल, तंतुकणिका केशरी, पेशी अर्धी कापलेली. मुलांच्या मनात पेशीला रंग असतो आणि ती पोळीसारखी चपटी असते हे पक्कं होतं. करायचंच असेल तर वर्गातच, गटाने, एका पारदर्शक पिशवीत पाणी भरून आणि आत मातीचं केंद्रक सोडून करा, म्हणजे पेशीला लांबी-रुंदीसोबत जाडीही असते हे हाताला कळतं. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला डोळा लावून बारीक फोकसची फिरवणी पुढेमागे करायला सांगितली तरी ते कळतं. एका पेशीचा वरचा थर स्पष्ट होतो, मग पुसट होतो आणि खालचा वर येतो. नागपुरात दरवर्षी भरणाऱ्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांची मुलं घरच्या साहित्यातून प्रयोग मांडतात. तिथे एक दुपार घालवलीत तर अशा कल्पना भरपूर मिळतील, आणि त्या मुलांना प्रश्न विचारलेत तर ती मनापासून समजावून सांगतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी एवढं मागवून ठेवा: कव्हरस्लिपचे दोन डबे (त्या फुटतातच), शंभर काचपट्ट्या, टिपकागद, आयोडीन, मिथिलीन ब्लू, दोन चांगले चिमटे, रक्ताची एक कायमस्वरूपी काचपट्टी. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज सप्टेंबरमध्येच द्या. आणि शाळा उघडण्याआधी एका निवांत दुपारी कांद्याच्या दहा-बारा काचपट्ट्या स्वतः करून बघा. पापुद्रा कुठल्या पाकळीतून नीट सुटतो ते तुमच्या बोटांना कळलेलं असलं की साठ मुलांसमोर हात थरथरत नाही.